पोरीच्या पत्रातले शेअर

आम्ही पवनारच्या बचत गटातल्या बाया. चुली आटोपून बसला असाल, नसाल आटोपल्या तरी रेडिओ जरा जवळ घ्या. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे आपल्या कामाचं नाही, हे मुंबईच्या शेअर बाजारातल्या लोकांचं. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईनं पदराखालून एक कागद काढला, आणि त्या दिवशी हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला.

ताईची पोरगी पुण्यात शिकली. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलेलं, त्याचा महिन्याचा हप्ता 9 हजारांच्या आसपास. तिला दोन नोकऱ्या चालून आल्या. एका ठिकाणी महिना 45 हजार, बाकी काही नाही. दुसरी कंपनी नवीन, लहान. तिथं पगार 36 हजार, पण सोबत एक पत्र, की चार वर्षांत मिळून तुला कंपनीचे 4,000 शेअर घेता येतील. आज आमच्या शेअरची किंमत 200 रुपये धरली जाते, असंही त्यात होतं. ताईनं बोटांवर हिशेब केला. चार हजार गुणिले दोनशे, म्हणजे आठ लाख. तिच्या डोळ्यांसमोर घरावरचा स्लॅब उभा राहिला. मायक्रोफायनान्सवाल्याकडून दीड लाख उचलायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. "पोरीचे आठ लाख येतेच आहेत, फेडून टाकू," असं ती म्हणाली.

आम्ही सगळ्या आधी खूश झालो. मग आमच्यातली एक, जी सगळ्यांत कमी बोलते, तिनं विचारलं, "आठ लाख येतात म्हणजे कुठून येतात? कोण देतो?"

याचं उत्तर कोणालाच देता आलं नाही. म्हणून आम्ही ते शोधलं. वर्ध्याला एका हिशेबनिसाकडे दोनदा गेलो, पोरीशी फोनवर तीन वेळा बोललो. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी पोरीचं पत्र. याला इंग्रजीत ईसॉप म्हणतात, म्हणजे कर्मचाऱ्याला शेअर घेण्याचा हक्क. शेअर नव्हे, शेअर *घेण्याचा* हक्क. सगळी मेख इथं आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. समजा एखादा मालक आपल्या सालदाराला म्हणाला, "तू माझ्याकडे चार वर्षं टिकून राहा. दर वर्ष भरलं की माझ्या वावरातला पाव एकर आजच्या भावानं विकत घ्यायचा हक्क तुझा." आज भाव एकरी दहा लाख. चार वर्षांनी भाव तीस लाख झाला तर सालदार तेव्हाही दहाच्याच भावानं घेईल, वरचा फायदा त्याचा. भाव सहा लाखांवर आला तर तो घेणारच नाही, घ्यायची सक्तीही नाही. आणि पहिल्या वर्षातच काम सोडलं तर हातात काही नाही. ईसॉप असंच चालतं. पत्र मिळतं तेव्हा फक्त शब्द मिळतो. कायद्यानं निदान एक वर्ष गेल्याशिवाय हक्क पक्का होत नाही, आणि पुढं कंपन्या तो बहुधा तीन-चार वर्षांत थोडा थोडा पक्का करतात. हक्क पक्का झाला तरी शेअर फुकट नाही, ठरलेली किंमत भरून घ्यावा लागतो.

पोरीच्या पत्रात ती किंमत होती 50 रुपये, खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. म्हणजे आठ लाखांतले दोन लाख तिलाच भरायचे होते. उरले सहा. तेही चार वर्षांनी, तेही भाव 200 राहिला तर, आणि तेही ती चारही वर्षं तिथंच टिकली तर. ताई गप्प झाली. स्लॅबचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

पण हे पत्र म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. अशा कागदांनी आपल्या राज्यातली माणसं खरोखर श्रीमंत झालेली आहेत. इन्फोसिस ही कंपनी 1981 साली पुण्यात सुरू झाली. सात इंजिनिअर होते, आणि सुरुवातीचं भांडवल म्हणून नारायण मूर्तींच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी आपल्या साठवणीतले 10 हजार रुपये दिले होते. साठवणीतले, बायांनो, आपण डाळीच्या डब्यात ठेवतो तसे. 1993 मध्ये कंपनीनं लोकांना शेअर विकायला काढले, किंमत 95 रुपये, तेव्हा घ्यायला पुरेशी गिऱ्हाइकं आली नाहीत. पुढच्या वर्षापासून कंपनीनं आपल्या कर्मचाऱ्यांना ईसॉप द्यायला सुरुवात केली. त्यातून पुढं बरेच कर्मचारी लखपती झाले, काही कोट्यधीश. त्या गोष्टी ऐकूनच आज प्रत्येक नवी कंपनी पोरांच्या हातात असं पत्र ठेवते.

दुसऱ्या बाजूची गोष्ट कमी सांगितली जाते. बायजूज ही मुलांना मोबाइलवर शिकवणारी कंपनी, जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. 2022 मध्ये तिची किंमत 22 अब्ज डॉलर धरली जात होती. 2024 च्या जुलैत ती दिवाळखोरीच्या कोर्टात पोचली. त्याआधीच एका मोठ्या परदेशी गुंतवणूकदार कंपनीनं आपल्या हिश्शाची किंमत वहीत शून्य लिहिली होती. आता ज्या पोरांकडे त्या कंपनीच्या ईसॉपची पत्रं होती, त्यांच्या आयांनी किती स्लॅब मनात बांधले असतील कोण जाणे.

आता त्या कमी बोलणाऱ्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे देतो कोण? कंपनीचे शेअर बाजारात विकले जात असतील तर बाजारातला कोणीतरी गिऱ्हाईक देतो. पोरीची कंपनी बाजारात नाही. मग तिचे शेअर घेणार कोण? एक तर एखादी मोठी कंपनी येऊन सगळंच विकत घेईल, नाही तर तिची स्वतःची कंपनीच ते परत घेईल. कंपनीनं आपलेच शेअर परत घेणं, याला बायबॅक म्हणतात. आमच्या डोक्यात हे सगळ्यात उशिरा शिरलं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दहा बायांनी मिळून शेवयांची मशीन घेतली असं धरा. दहाजणींचे दहा हिस्से. मशीनची किंमत 60 हजार, पेटीत शिल्लक 40 हजार. सगळं मिळून एक लाख, म्हणजे एका हिश्शाची किंमत 10 हजार. वर्षाला 24 हजार नफा होतो, एकीला 2,400 येतात. आता दोघी म्हणाल्या, आम्हाला बाहेर पडायचं आहे. गटानं पेटीतून दोघींना दहा-दहा हजार दिले आणि त्यांचे हिस्से वहीतून खोडून टाकले. खोडले, दुसरीला विकले नाहीत, हे लक्षात ठेवा. आता आठ हिस्से राहिले. मशीन 60, पेटीत 20, एकूण 80 हजार. आठांनी भागा, हिस्सा पुन्हा 10 हजारांचाच. त्या दिवशी कोणी श्रीमंत झालं नाही, कोणी गरीब झालं नाही. पण पुढच्या वर्षी मशीननं तेवढाच नफा दिला तर तो आठांत वाटला जाईल, एकीला 3,000.

आता यात खोट कुठं येते तेही बघा. बाहेर पडणाऱ्या दोघी अध्यक्षीणबाईंच्या जावा होत्या, आणि त्यांना दहाऐवजी पंधरा-पंधरा हजार दिले गेले. मग उरले 70 हजार, आठ हिस्से, एकीचा हिस्सा 8,750. राहणाऱ्यांच्या खिशातून जाणाऱ्यांना गेले, आणि कोणाला कळलंही नाही. उलट, अडलेल्या दोघींना सातच हजारांवर बोळवलं तर राहणाऱ्यांचा हिस्सा 10,750 होतो. म्हणजे बायबॅक चांगला की वाईट, हे भाव काय लावला त्यावर ठरतं. आणि दुसरं, पेटी रिकामी करून हिस्से परत घेतले आणि महिन्याभरात मशीनची मोटर जळली, तर काय? म्हणून कायद्यानं लगाम घातला आहे. आपल्या देशात कंपन्यांना बायबॅकची मुभा 1998 पासूनच मिळाली, त्याआधी नव्हती. एका वेळी भांडवल आणि शिलकीच्या पंचवीस टक्क्यांवर जाता येत नाही, परत घेतलेले शेअर सात दिवसांत रद्द करावे लागतात, आणि एकदा बायबॅक झाला की वर्षभर दुसरा करता येत नाही.

हे ऐकताना आमच्यातली एक म्हातारी काकू हसली. म्हणाली, "ज्या गावात विनोबांनी पैशाशिवाय जगून पाहिलं, त्या गावात तुम्ही शेअरचे भाव मोजता!" खरंच आहे. 1950 च्या सुमारास धाम नदीकाठच्या आपल्या आश्रमात विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. बैल नाही, बाजाराचा पैसा नाही, स्वतःच्या हातांनी खणून पिकवायचं. पण काकू, विनोबा 1938 साली पवनारला राहायला आले ते ज्या बंगल्यात, तो बंगला जमनालाल बजाजांचा होता. वर्ध्याचे शेठ, गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा म्हणत. त्यांच्याच घराण्याची बजाज ऑटो, जिच्या मोटरसायकली आपल्या गावातल्या निम्म्या पोरांच्या बुडाखाली आहेत. तेव्हा शेअरची गोष्ट पवनारपासून काही फार लांबची नाही.

या बजाज ऑटोनं 2024 मध्ये मोठा बायबॅक केला. 40 लाख शेअर, एकेकाला 10,000 रुपये, सगळे मिळून 4,000 कोटी. जाहीर झालं तेव्हा बाजारात भाव सात हजारांच्या आसपास होता. म्हणजे देऊ करणाऱ्याला एका शेअरमागं तीन हजार जास्त. मग सगळ्यांनी सगळे शेअर का नाही दिले? दिले तरी कंपनी सगळे घेत नाही, ज्याच्याकडे जितके त्या प्रमाणात थोडे थोडे घेते. छोट्या माणसासाठी, म्हणजे ज्याच्याकडे दोन लाखांपर्यंतचेच शेअर आहेत त्याच्यासाठी, अशा बायबॅकमध्ये पंधरा टक्के जागा राखून ठेवावी लागते. तेवढी एक सोय आपल्यासारख्यांची. बाकी या कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर मालक घराण्याच्या आणि त्यांच्या कंपन्यांच्या हातात आहेत, हेही विसरू नका. गंमत पुढं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाजारात तोच शेअर बारा हजारांच्या वर गेला, आणि वर्ष संपता संपता पुन्हा दहा हजारांच्या खाली आला. ज्यानं दहाला दिला तो शहाणा की वेडा? सप्टेंबरात विचारा एक उत्तर, डिसेंबरात विचारा दुसरं.

गांधीजी सेवाग्रामला बसून श्रीमंतांना विश्वस्त व्हा म्हणत होते, की संपत्ती तुमच्याकडे समाजाची ठेव आहे. 4,000 कोटी शेअरधारकांना परत देणं बरं, की त्यातून कारखाना काढणं, कामगारांना देणं बरं? यावर आमच्या बैठकीत अर्धा तास भांडण झालं. एकीचं म्हणणं, ज्याचा पैसा त्याला दिला, त्यात वाईट काय. दुसरीचं म्हणणं, माझा भाऊ चाकणला ठेकेदाराकडे राबतो, त्याला कोण काय परत देतं? आम्ही ते भांडण मिटवलं नाही.

शेअर सांभाळून माणसं कशी मोठी होतात ते बघायचं तर खानदेशात अमळनेरला जा. साने गुरुजींनी जिथं शिक्षकी केली तेच अमळनेर. तिथं 1945 च्या डिसेंबरात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. 1966 मध्ये वडील वारल्यावर एकवीस वर्षांचा अझीम प्रेमजी परदेशातलं शिक्षण अर्धवट टाकून आला आणि कंपनी चालवू लागला. गावातल्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले होते, आणि पुष्कळांनी ते विकलेच नाहीत. नुसता अलीकडचा हिशेब सांगतो. 2004 च्या सुरुवातीला ज्याच्याकडे विप्रोचे 100 शेअर होते, त्यानं एकही नवा विकत घेतला नाही तरी बोनस मिळत मिळत 2004 ला 300 झाले, 2005 ला 600, 2010 ला 1,000, 2017 ला 2,000, 2019 ला 2,666 आणि 2024 ला 5,332. बोनस म्हणजे भाकरीचे जास्त तुकडे, भाकरी तेवढीच, हे खरं. पण इथं भाकरीही वाढत गेली. त्याच विप्रोनं 2023 मध्ये 12,000 कोटींचा बायबॅक केला, शेअरला 445 रुपये, बाजारभावापेक्षा जास्त. अमळनेरच्या ज्या म्हाताऱ्यांकडे शेअर होते त्यांनाही तो कागद आला असणार.

पण एक गोष्ट जपून ऐका, कारण ही प्रत्येक घराची आहे. नवऱ्यानं, सासऱ्यानं कधीकाळी घेतलेले शेअरचे कागद ट्रंकेत पडून असतील, आणि त्यांचा लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नसेल, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. गेले म्हणजे बुडाले नाहीत, वारसाला अर्ज करून परत मागता येतात. पण त्यासाठी आधी कागद आहे हे माहीत पाहिजे. आज घरी गेल्यावर, म्हणजे घरीच आहात तुम्ही, ट्रंक एकदा उपसून बघा.

आता पोरीकडे परत येतो. हिशेबनीस म्हणाला, कराचंही विचारा. आम्हाला वाटत होतं, विकल्यावर पैसा आला की कर लागेल. तसं नाही. समजा चार वर्षांनी शेअरची किंमत 450 झाली आणि पोरीनं 1,000 शेअर 50 रुपयांनी घेतले. तिनं भरले 50 हजार. पण वरचे चार लाख हा तिचा त्या वर्षीचा पगारच समजला जातो. तीस टक्क्यांच्या पायरीत असेल तर कर सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे हातात एक रुपया न येता पावणेदोन लाख खिशातून गेले, आणि बदल्यात मिळाले असे शेअर जे विकायला बाजारच नाही. सरकारची खास मान्यता असलेल्या काही नव्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढं ढकलता येतो, सगळ्यांना नाही. पुढं शेअर विकले की नफ्यावर पुन्हा वेगळा कर. बायबॅकवरच्या कराचा नियम तर 2024 च्या ऑक्टोबरात पार बदलला. आधी कर कंपनी भरत होती, तो घेणाऱ्याच्या माथी आला. हे नियम बदलत राहतात, तेव्हा ज्या वर्षी पैसे घ्याल त्या वर्षीचा नियम विचारा, शेजारणीचा जुना नको.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून पोरीला फोनवर प्रश्न लिहून दिले, कंपनीला विचारायला. कंपनीचे एकूण शेअर किती? कारण चार हजार हा आकडा चार लाखांतला वेगळा आणि चार कोटींतला वेगळा. आजवर कर्मचाऱ्यांचे शेअर कंपनीनं कधी परत घेतले का, आणि कोणत्या भावानं? नोकरी सोडली तर पक्का झालेला हक्क किती दिवसांत वापरावा लागतो? पुष्कळ ठिकाणी तीनच महिने देतात. आणि आमच्या काकूचा प्रश्न, पोरीचं काही बरंवाईट झालं तर? पोरगी चिडली, "काय अभद्र बोलता आजी." पण उत्तर महत्त्वाचं निघालं. कर्मचारी नोकरीत असताना मरण पावला तर त्याला दिलेले सगळे हक्क, पिकलेले न पिकलेले, वारसाला किंवा नॉमिनीला मिळतात, असा नियम आहे. किती विधवांना हे कोणी सांगितलं असेल?

कंपनीचं उत्तर आठवड्यानं आलं. एकूण शेअर किती ते सांगितलं. बायबॅक आजवर झालेला नाही, पुढं करूच असं बंधन नाही, हेही लिहून दिलं. सरळ लिहून दिलं हे आम्हाला आवडलं. पोरीनं मग स्वतःच्या डोक्यानं एक केलं. कंपनीला म्हणाली, शेअर कमी द्या, पगार वाढवा. ते 41 हजारांवर आले, शेअर 4,000 चे 2,500 झाले. तिनं ती नोकरी धरली.

ताईला ते पटलेलं नाही. तिचं म्हणणं, 45 हजार रोख सोडून पोरीनं चार हजारांवर पाणी सोडलं. आमच्यातल्या निम्म्या ताईच्या बाजूनं, निम्म्या पोरीच्या. कमी बोलणारी बाई म्हणाली, "कर्जाचा हप्ता भरून उरतात ना तिला? मग करू द्या."

जाता जाता एक आपल्या कामाचं. शेतकरी उत्पादक कंपनीच्या तुमच्यापैकी पुष्कळजणी सभासद असाल, हजाराचे, पाचशेचे शेअर असतील. ते बाजारात विकता येत नाहीत. द्यायचेच झाले तर संचालक मंडळाच्या संमतीनं दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, आणि दर्शनी किमतीलाच. पण तिथं शेअर कितीही असले तरी मत एकीला एकच, आणि सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नॉमिनीचं नाव द्यायचं असतं. आमच्या गटात किती जणींनी दिलं होतं म्हणता? एकीनंही नाही. गेल्या बुधवारी आम्ही सगळ्याजणी जाऊन नावं लिहून आलो. काकूनं नवऱ्याचं नाव न देता सुनेचं दिलं, त्यावरून घरी काय झालं ते ती पुढच्या वेळी स्वतःच सांगणार आहे.

पोरीनं तिच्या कागदावर आईचं नाव घातलं. त्याची झेरॉक्स ताईच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या खाली आहे. तिचं पहिलं वर्ष पुढच्या पोळ्याच्या सुमारास भरेल.